दोन नद्यांच्या बेचक्यातलं केरो

अमेरिका म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क आठवतं, शिकागो आठवतं, अलीकडे मुलं-सुना तिकडे असतील तर न्यू जर्सी आठवतं. आज मी ज्या गावाविषयी बोलणार आहे, ते अमेरिकेतल्याही बहुतेकांनी पाहिलेलं नाही. २०२० च्या जनगणनेत तिथे १,७३३ माणसं मोजली गेली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहतात. पण शंभर वर्षांपूर्वी, १९२० साली, याच गावात १५,२०३ माणसं होती. आणि त्याच्याही आधी, हे गाव अमेरिकेच्या मध्यभागातलं महानगर होणार असं सांगून थेट लंडनमध्ये त्याचे रोखे विकले गेले होते.

गावाचं स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचं, म्हणजे आपण जिला कैरो म्हणतो तिचं. पण इथली माणसं आपल्या गावाला ‘केरो’ म्हणतात. कुणी ‘कैरो’ म्हणालं की समजावं, पाहुणा बाहेरचा आहे. आपणही केरोच म्हणू.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. अमेरिकेच्या मधोमध इलिनॉय हे राज्य आहे. त्याच्या वरच्या टोकाला शिकागो. तिथून दक्षिणेकडे यावं तसं हे राज्य निमुळतं होत जातं आणि शेवटी त्याचं एक टोक उरतं. या टोकाच्या पश्चिमेला मिसिसिपी नदी, पूर्वेला ओहायो नदी. दोन्ही नद्या जवळजवळ येत अखेर एकमेकींना भेटतात. त्यांच्या बेचक्यात जी जमिनीची जीभ उरली आहे, तिच्यावर केरो वसलं आहे. मिसिसिपीपलीकडे मिसुरी राज्य, ओहायोपलीकडे केंटकी. इलिनॉयमधली सगळ्यांत सखल जागा हीच.

पिट्सबर्गपासून सुमारे १,५८० किलोमीटरचा प्रवास करून ओहायो इथे येते. नाव पुढे मिसिसिपीचं चालतं, पण या संगमावर ओहायो साधारणतः मिसिसिपीपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. मिसिसिपीचं पाणी गढूळ, तपकिरी. वरच्या अंगाला मिसुरी नदीने आणलेला गाळ त्यात असतो. ओहायोचं पाणी त्या मानाने स्वच्छ. दोन रंगांचे प्रवाह बरंच अंतर शेजारी शेजारी वाहत जातात. आपल्याकडे अशा जागी घाट बांधला असता, देऊळ उभं राहिलं असतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अशी जागा दिसली की व्यापारी भूखंड आखायला घेत.

त्यात आश्चर्य नव्हतं. त्या काळात पक्के रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. माल न्यायचा तर नदीतून. पूर्वेचा माल ओहायोने येणार, उत्तरेचा मिसिसिपीने, आणि दोन्ही मिळून दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सला जाणार. मग सगळ्या वाटा जिथे मिळतात तिथे शहर उभं राहिलंच पाहिजे! १८१८ साली बाल्टिमोरच्या एका व्यापाऱ्याने याच हिशेबाने जागा घेतली. नदीकाठचा सपाट, गाळाचा प्रदेश त्याला नाईलच्या खोऱ्यासारखा वाटला, म्हणून नाव दिलं कैरो. आजूबाजूच्या गावांनाही थीब्ज, कार्नाक अशी इजिप्तची नावं आहेत आणि दक्षिण इलिनॉयला ‘छोटा इजिप्त’ म्हणतात.

पण नाईलची आठवण काढली, तशी नाईलच्या पुराचीही काढायला हवी होती. दोन महानद्यांच्या बेचक्यातली सखल जमीन दरवर्षी पाण्याखाली जाण्याच्या बेतात असते. पहिला प्रयत्न बारगळला. १८३७ मध्ये डॅरियस होलब्रुक नावाच्या गृहस्थाने ‘केरो सिटी अँड कॅनॉल कंपनी’ काढली, लंडनहून भांडवल उभं केलं, बांध घातले, कारखाने सुरू केले. तीन-चार वर्षांत पैसा आटला, लंडनची पेढी बुडाली आणि माणसं निघून गेली.

नेमक्या त्या पडत्या काळात, १८४२ साली, इंग्लंडचा प्रख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स बोटीने तिथून गेला. त्याला दिसली ती दलदल, हिवताप आणि अर्धवट बांधलेली घरं. आपल्या प्रवासवर्णनात त्याने केरोवर अतिशय कडवट लिहिलं. पुढे ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीत भोळ्या माणसांना जमीन विकणाऱ्या फसव्या वसाहतीचं चित्र त्याने रंगवलं, तेही याच गावावरून घेतलं असं मानतात. गावाचं नाव साऱ्या इंग्रजी वाचणाऱ्या जगात झालं, पण ते असं.

गावाचे दिवस पालटले ते रेल्वेने. इलिनॉय सेंट्रल ही रेल्वे १८५६ पर्यंत पूर्ण झाली आणि तिचं दक्षिणेचं शेवटचं स्टेशन केरो झालं. रूळ इथे संपत, पुढे नदी. म्हणजे उत्तरेकडून आलेला प्रत्येक डबा इथे रिकामा करायचा, माल बोटीवर चढवायचा. गावं कशी वाढतात हे समजून घ्यायचं असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवावी. माल जिथे एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढतो, तिथे हमाल लागतात, गोदामं लागतात, दलाल लागतात, खानावळी लागतात, बोटी दुरुस्त करणारे लागतात. गावाचं पोट त्या चढ-उतारावर चालतं.

आणि मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इलिनॉय हे गुलामगिरी नसलेलं राज्य. नदीपलीकडची मिसुरी आणि केंटकी ही दोन्ही गुलामगिरी असलेली. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी रिचमंड, तिच्याहीपेक्षा केरो दक्षिणेला आहे. उत्तरेच्या सैन्याच्या दृष्टीने हे टोक म्हणजे दक्षिणेच्या अंगात शिरलेला भाल्याचा फाळ होता. जनरल ग्रँटने १८६१ च्या सप्टेंबरात इथे तळ ठोकला. पुढच्या फेब्रुवारीत त्याने टेनेसी आणि कंबरलँड नद्यांवरचे दोन किल्ले घेतले, ती मोहीम इथूनच निघाली. हाच ग्रँट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

सैन्याच्या मागोमाग आणखी माणसं आली. दक्षिणेतून पळून आलेले, सुटलेले गुलाम. केरोजवळ त्यांची मोठी छावणी उभी राहिली. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हक आणि पळालेला गुलाम जिम तराफ्यावरून निघतात, तेही केरो गाठायलाच. तिथून ओहायोने वर गेलं की स्वातंत्र्य. धुक्यात त्यांचं केरो चुकतं आणि तराफा वाहत वाहत आणखी दक्षिणेला जातो. कादंबरीतलं हे चुकणं पुढे गावाच्या इतिहासाला लागू पडावं, हे दुर्दैव. कारण गुलामगिरी नसलेल्या याच इलिनॉयमध्ये १८५३ साली असा कायदा झाला होता, की कृष्णवर्णीयांनी या राज्यात वस्तीला येऊ नये. तो १८६५ मध्ये रद्द झाला. माणसं राहिली, कष्ट करू लागली, आणि १९०० पर्यंत गावातल्या साडेबारा हजार वस्तीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कृष्णवर्णीय होते.

युद्धानंतरची तीस-चाळीस वर्षं भरभराटीची. १८७२ मध्ये पूर्ण झालेली जकात कचेरीची भक्कम दगडी इमारत अजून उभी आहे. श्रीमंत व्यापाऱ्यांचे वाडे ज्या रस्त्यावर झाले, तिथली मॅग्नोलियाची झाडं आजही फुलतात. पण १८८९ साली रेल्वेने ओहायो नदीवर प्रचंड लोखंडी पूल बांधला. आता डबे रिकामे करायची गरज उरली नाही. गाडी शिट्टी देत पूल ओलांडून थेट दक्षिणेला जाऊ लागली. १९०५ मध्ये उत्तरेला थीब्ज इथे मिसिसिपीवरही रेल्वेपूल झाला. ज्या तुटक्या वाटेवर गाव जगत होतं, ती वाट जोडली गेली. लाकडाच्या गिरण्या आणि कापसाच्या बियांचं तेल यांच्या जोरावर गाव आणखी काही वर्षं वाढलं, पण मूळ आधार सुटला होता.

आता थोडं पाण्याविषयी. केरोभोवती मातीचे उंच बांध आहेत आणि ओहायोच्या बाजूने काँक्रीटची भिंत. उत्तरेकडून येणारा रस्ता रेल्वेच्या बांधाखालून आत शिरतो, तिथे वरून खाली सोडायचा प्रचंड पोलादी दरवाजा आहे. पूर आला की तो खाली येतो आणि गाव किल्ल्यासारखं बंद होतं. १९३७ चा पूर भयंकर होता. नदीच्या मोजपट्टीवर पाणी साडेएकोणसाठ फुटांवर गेलं आणि भिंत होती साठ फुटांची! लोकांनी वर तीन फूट फळ्या आणि माती रचली. ओहायोकाठची कितीतरी शहरं त्या वर्षी बुडाली, केरो कोरडं राहिलं.

पण ते केवळ भिंतीने वाचलं नाही. १९२७ च्या महापुरानंतर अमेरिकी सरकारने केरोसमोर, मिसुरीच्या बाजूला, सुमारे एक लाख तीस हजार एकर शेतजमीन राखून ठेवली. पाणी हाताबाहेर गेलं की तिकडचा बांध सुरुंग लावून फोडायचा आणि पुराला त्या जमिनीवर पसरू द्यायचं, अशी ती योजना. १९३७ मध्ये तसंच केलं गेलं.

म्हणजे नदीने गाव बुडवलं नाही. मग पंधरा हजारांचं गाव सतराशेवर आलं कसं? पूल हे एक कारण झालं. मोटारी आणि ट्रक आले, प्रवासी बोटी संपल्या, १९७८ मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, ही आणखी कारणं. पण हे सगळं आसपासच्या नदीकाठच्या गावांनाही सोसावं लागलं. ओहायोवरचं पडुका आज सुमारे २७ हजार वस्तीचं आहे. मिसिसिपीवरचं केप जिरार्डो चाळीस हजारांच्या घरात. त्यांना विद्यापीठ, युरेनियमचा कारखाना असे इतर आधार मिळाले आणि पसरायला उंच जमीनही होती. केरोला बांधाच्या आत पसरायला जागा नव्हती, हे खरं. पण त्याहून मोठी अडचण गावातल्या माणसांमध्ये होती.

११ नोव्हेंबर १९०९. एका गोऱ्या तरुणीच्या खुनाच्या संशयावरून पकडलेल्या विल जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला जमावाने पोलिसांच्या हातून हिसकावलं आणि गावातल्या मुख्य चौकात, दिव्यांच्या कमानीखाली ठार केलं. खटला नाही, साक्ष नाही. हजारोंचा जमाव होता आणि त्याची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून विकली गेली. अशा प्रकरणात कैद्याचं रक्षण न करणाऱ्या शेरीफला पदावरून दूर करायचा कायदा इलिनॉयमध्ये होता. त्याप्रमाणे केरोच्या शेरीफला काढलं गेलं. तो पद परत मागू लागला तेव्हा इडा बी. वेल्स या झुंजार पत्रकार बाई शिकागोहून केरोला आल्या, त्यांनी माहिती गोळा केली आणि राज्यपालांपुढे बाजू मांडली. शेरीफला पद परत मिळालं नाही. पण गावाने यातून काही घेतलं, असं पुढच्या पन्नास वर्षांत दिसलं नाही.

१९६२ सालचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. पोहण्याच्या तलावासमोर तीन माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत आहेत. त्यातले एक जॉन लुईस, पुढे अनेक वर्षं अमेरिकी संसदेत निवडून गेलेले नागरी हक्कांचे नेते. तो तलाव केरोचा. कृष्णवर्णीयांना तिथे प्रवेश नव्हता, म्हणून ही निदर्शनं. तलाव सर्वांना खुला करायची वेळ आली तेव्हा तो बंदच करून टाकण्यात आला, आणि पुढे काँक्रीट ओतून बुजवला गेला. उन्हाळ्यात गोऱ्या मुलांनीही पोहायचं नाही, पण काळी मुलं पोहता कामा नयेत!

१९६७ मध्ये रजेवर आलेला एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, त्याच्या लोकांनी ते मानलं नाही. दंगल उसळली. गोऱ्यांची सशस्त्र पथकं रस्त्यांवर फिरू लागली, रात्री गोळीबार होऊ लागला. १९६९ मध्ये कृष्णवर्णीयांनी ‘युनायटेड फ्रंट’ स्थापन करून बाजारपेठेवर बहिष्कार टाकला. मागणी साधी होती. आमच्या पैशावर दुकानं चालतात, तर तिथे आम्हालाही नोकऱ्या द्या. बहिष्कार काही वर्षं चालला. बऱ्याच दुकानदारांनी नोकऱ्या देण्याऐवजी दुकानाला कुलूप लावून गाव सोडणं पसंत केलं. १९६० मध्ये ९,३४८ असलेली वस्ती १९७० मध्ये ६,२७७ वर आली. दहा वर्षांत एक तृतीयांश गाव गेलं. दुकानं गेली की कर जातो, कर गेला की शाळा, गटारं, दिवे यांना पैसा उरत नाही. १९८६ मध्ये रुग्णालय बंद झालं. जे गेले ते ज्यांना जाणं परवडत होतं ते. राहिले ते बहुतांशी गरीब आणि कृष्णवर्णीय.

अशा उरलेल्या गावाची परीक्षा २०११ मध्ये झाली. २ मे रोजी पाणी ६१.७ फुटांवर गेलं, १९३७ पेक्षाही वर. नदीची पातळी रस्त्यांपेक्षा दीड मजला उंच होती. अशा वेळी पाणी बांधावरून यायच्या आधी बांधाखालून येतं. दाबामुळे ते जमिनीखालच्या वाळूतून वाट काढतं आणि गावात ठिकठिकाणी वाळू उकळल्यासारखी वर येते. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करतात आणि आत पाणी चढू देतात, म्हणजे वरच्या पाण्याचा दाब खालच्या दाबाला तोलून धरतो. असे झरे वाढू लागले तसं गाव रिकामं करायचा हुकूम निघाला.

आता तो जुना प्रश्न पुन्हा आला. समोरचा बांध फोडायचा का? शेतजमीन लाखाहून जास्त एकर, गावात तीन हजारांहून कमी माणसं. मिसुरी राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेतं बुडावीत की केरो, असं विचारल्यावर मिसुरी विधानसभेच्या सभापतींनी केरोचं नाव घेतलं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. न्यायालयाने मिसुरीची विनंती फेटाळली आणि २ मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी बांध उडवला. पाणी उतरू लागलं, केरो वाचलं.

पण ते फुकट वाचलं नाही, हेही सांगायला हवं. त्या राखीव पट्ट्यात पिनहुक नावाचं एक लहान खेडं होतं. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कष्टाने वसवलेलं, कारण बाहेरची चांगली, उंच जमीन त्यांना विकत मिळत नव्हती. ते खेडं त्या पाण्यात कायमचं गेलं. एका गरीब गावाला वाचवण्यासाठी दुसरं गरीब गाव बुडालं. पुराच्या वाटेवरची सखल जमीन कुणाच्या वाट्याला येते, याचं उत्तर बऱ्याचदा फार आधी ठरलेलं असतं.

त्यानंतरही अडचणी थांबल्या नाहीत. २०१७ मध्ये दोन मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती पाडायचं केंद्र सरकारने ठरवलं. सुमारे चारशे माणसांना घर सोडावं लागणार होतं आणि त्यातली निम्मी मुलं होती. गावात तेवढी दुसरी घरंच नव्हती, म्हणून पुष्कळ कुटुंबं गाव सोडून गेली. किराण्याचं मोठं दुकान आधीच बंद झालं होतं. भाजी-दुधासाठी दूरवर गाडी काढायची, आणि गाडी नसेल तर कुणाला तरी विनवायचं. मग गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचं दुकान उभं करायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये ते उघडलं. एवढ्याशा वस्तीत असं दुकान चालवणं सोपं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण केरोमध्ये दुकानं बंद होण्याची सवय झाली होती. तिथे लोकांनी मिळून एक दुकान उघडलं, याचं मोल निराळं आहे.

आणि ती जागा, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, ती अजून तिथेच आहे. नदीतून आजही धान्य, कोळसा, खनिजं घेऊन तराफ्यासारख्या सपाट बोटींचे तांडे जातात. वरच्या मिसिसिपीवर आणि ओहायोवर जलपाशांची दारं असतात, त्यामुळे पंधरा-सोळा बोटींचाच तांडा चालतो. संगमाच्या खाली अशी दारं नाहीत, तिथे तीस-चाळीस बोटी एकत्र बांधता येतात. म्हणून हे तांडे सोडायचे आणि पुन्हा जोडायचे, ते याच पाण्यात, केरोच्या डोळ्यांसमोर. मात्र त्याचा फायदा गावाला मिळेल असा धक्का गावाकडे नव्हता. तो बांधण्याची योजना गेली काही वर्षं चालू आहे आणि राज्याने त्यासाठी निधीही जाहीर केला आहे.

बंदर झालं तर पुन्हा इथे माल उतरेल, चढेल, कामगार लागतील. १८१८ च्या त्या व्यापाऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता, हे तेव्हा कळेल. फरक एवढाच, की या वेळी धक्क्यावरची नोकरी कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे माणसाच्या रंगावरून ठरवून चालणार नाही. तसं एकदा करून पाहिलं आहे. त्याची किंमत जनगणनेच्या आकड्यांत लिहिलेली आहे.